बॉक्सवरच्या आकड्यावर कोटेशन देऊ नका: कोई पाँडचा फ्लो असा मोजा

अ‍ॅक्वेरियमच्या दुकानाला जोडून पाँडची कामं घ्यायची असतील, तर हा भाग तुमच्यासाठी. व्हिडिओत गणित जरा घाईत झालं, इथे सावकाश करू.

माझं पहिलं कोई पाँडचं काम एका बंगल्यात होतं. पाँड 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद, 1.2 मीटर खोल. गुणाकार 7.2, म्हणजे 7,200 लिटर पाणी. कोई भरपूर खातात आणि तेवढीच घाण करतात, म्हणून सगळं पाणी एक ते दोन तासांत एकदा फिल्टरमधून फिरलं पाहिजे. मी बॉक्सवर ताशी 8,000 लिटर लिहिलेला पंप लावला आणि खुशाल बिल केलं.

तीन आठवड्यांनी ग्राहकाचा फोन. "दादा, मासे वर येऊन तोंड उघडझाप करताहेत." गेलो तर दोन मासे मेलेले. फिल्टरच्या तोंडाशी 20 लिटरची बादली धरली, भरायला 36 सेकंद लागले. हिशोब सोपा आहे: 20 भागिले 36, गुणिले 3,600. ताशी 2,000 लिटर! सगळं पाणी फिरायला साडेतीन तासांच्या वर.

चूक माझीच. बॉक्सवरचा आकडा पाणी वर चढवायचं नसताना मिळतो. माझा फिल्टर पाण्यापासून 2 मीटर उंच होता, त्यात पाऊण इंची पाइप आणि पाच एल्बो. पाइप दीड इंची केला, एल्बो दोनवर आणले. पंप तोच, पण बादली 15 सेकंदांत भरली. म्हणजे ताशी 4,800 लिटर, दीड तासात पूर्ण फेरा. पाइप आणि माशांचे पैसे माझ्या खिशातून गेले, ते वेगळं.

फ्लो फार वाढवूनही चालत नाही. यूव्ही दिव्यातून पाणी वेगात गेलं, तर हिरव्या शेवाळावर प्रकाश पुरेसा वेळ पडत नाही. दिव्यावर लिहिलेली मर्यादा बघा.

ग्राहक हमखास विचारतो, रात्री पंप बंद ठेवू का? नाही. फिल्टरमधले जिवाणू अमोनिया पचवतात, त्यांना ऑक्सिजनवालं वाहतं पाणी लागतं. 80 वॉटचा पंप दिवसरात्र चालला तरी महिन्याला साधारण 58 युनिट होतात. हा आकडा कोटेशनमध्येच लिहा, नंतर वाद नको.

काम झालं की ग्राहकासमोर बादली लावा आणि सेकंद बिलावर लिहून द्या. महिन्याभराने परत मोजा. 15 चे 22 झाले असतील तर स्पंज तुंबलाय. तो पाँडच्याच पाण्यात धुवा, नळाच्या क्लोरीनने जिवाणू मरतात. माझं सर्व्हिसिंगचं काम याच दुसऱ्या मापातून सुरू झालं.