जुनी घरे, जुनी चर्च आणि आपले दार



जुनी चर्च पाहायची म्हटले की आपल्याला गोवा किंवा वसई आठवते. पण पिंपरीहून मेट्रोने पुण्यात मंडईला उतरलो, तर एका सकाळीच एक जुना वाडा आणि दोन जुनी चर्च आपण पायी पाहू शकतो. मुलांना सुटी असेल तेव्हा कुटुंबासह जरूर जावे. मात्र नुसते फोटो काढून परतू नये. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न मनात ठेवावा : येथे कोणी कोणासाठी दार उघडले?

१. गंज पेठेतील महात्मा फुले वाडा

जोतीराव आणि सावित्रीबाई यांचे हे राहते घर. ज्यांना समाज अस्पृश्य मानत होता, त्यांना त्या काळी सार्वजनिक पाणवठ्यावर मज्जाव होता. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. नगर आणि मराठवाड्यातून आपल्या भागात आलेल्या अनेक कुटुंबांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको. आपल्या आजी-आजोबांनी ते दिवस सोसले आहेत.

२. गुरुवार पेठेतील पवित्र नाम देवालय

वाड्यापासून जवळच पंचहौद मिशनचे हे चर्च आहे. ते १८८५ सालचे असून त्याचा उंच घंटाघराचा मनोरा दुरून दिसतो. हे चर्च कॅथलिक नाही, ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे आहे. पण तेथेही आपण भावाच्या घरी जावे तसेच जावे. १८९० साली याच मिशनमध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आदी मंडळींना चहा देण्यात आला. त्या चहावरून पुण्यात मोठा गदारोळ झाला, बहिष्काराची वेळ आली आणि काहींना प्रायश्चित्त घ्यावे लागले. एक कप चहासुद्धा माणसामाणसांत भिंत उभी करू शकत होता!

३. क्वार्टर गेटजवळील सिटी चर्च

निष्कलंक मरियेला वाहिलेले हे पुण्यातील पहिले कॅथलिक चर्च. पेशव्यांच्या सैन्यात पोर्तुगीज आणि गोव्याकडचे ख्रिस्ती अधिकारी व शिपाई होते. त्यांना उपासनेसाठी जागा हवी होती. सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ साली ती जमीन दिली. तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. आज दिसते ती इमारत त्यानंतरची, १८५२ सालची आहे.

येथे एक गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. १७३९ साली पहिल्या बाजीरावांचे बंधू चिमाजी अप्पा यांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकून घेतली. त्यानंतर ५३ वर्षांनी त्याच बाजीरावांच्या पणतूने कॅथलिक चर्चसाठी जागा दिली. म्हणजे पुण्यातील आपली पहिली वेदी एका हिंदू राज्यकर्त्याच्या जमिनीवर उभी राहिली. आपण येथे आधी पाहुणे होतो, हे विसरता कामा नये.

आपल्यासाठी बोध

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली. पुढे कारखाने वाढत गेले आणि आपली वडीलधारी माणसे कामासाठी इकडे आली. भाड्याच्या खोलीतून त्यांनी संसार उभे केले. आज चाकण, भोसरी, तळवडे येथे झारखंड, ओडिशा, तामिळनाडूचे तरुण तसेच एका खोलीत चौघे-पाचजण राहतात. त्यांच्यातले काही रविवारी आपल्या मिस्साला येतात, मागच्या बाकावर बसतात आणि कोणाशी न बोलता निघून जातात. आपण त्यांचे नाव तरी विचारतो का?

संत पेत्राने आपल्याला जिवंत धोंड्यांची उपमा दिली आहे. दगडाचे चर्च कितीही जुने असले तरी त्याचे दार माणसालाच उघडावे लागते.

कुटुंबात चर्चा करण्यासाठी :

१. आपल्या घराण्याला या भागात पहिला आसरा कोणी दिला? घरातील ज्येष्ठांना विचारून ते वहीत लिहून ठेवा.

२. आपल्या धर्मग्रामात नव्याने आलेले कोण आहेत? या रविवारी मिस्सानंतर त्यांच्यापैकी एकाला आपण घरी चहाला बोलावू शकतो का?