वडिलांनंतर पीएम किसानचा हप्ता

प्रश्न : वडील मागच्या वर्षी वारले. जमीन चार एकर. थोरला भाऊ जिल्हा परिषद शाळेत शिक्षक, मी शेती करतो. जमीन आईच्या आणि आम्हा दोघांच्या नावे लागेल. आता हप्ता कुणाला मिळेल?
– एक वाचक, ता. बार्शी

उत्तर : वडिलांच्या नावाचा हप्ता त्यांच्याबरोबरच संपला. तो पुढे ‘वळवून’ मिळत नाही. वारसाने नव्याने अर्ज करायचा. मृत्यूनंतरही त्यांच्या खात्यात पैसे येत असतील, तर ते काढू नका. पुढे वसुली होते.

१ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन खरेदी किंवा बक्षीसपत्राने आली असती, तर अडचण होती. वारसाहक्काला ती अट आड येत नाही. म्हणून आधी तलाठ्याकडे वारसनोंद करा आणि फेरफार मंजूर झाल्यावर सातबारावर नावे आली का, ते डोळ्यांनी पाहा. मग शेतकरी ओळख क्रमांक, नोंदणी आणि ई-केवायसी.

योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान मुले. त्यामुळे सातबारा सामाईक असला तरी तुमचा आणि आईचा अर्ज स्वतंत्र. भाऊ सरकारी पगारदार, तो अपात्र. प्राप्तिकर भरणाराही बाद होतो. वर्षाला ६००० रुपये, २००० चे तीन हप्ते. राज्याच्या ‘नमो’ योजनेचा लाभही याच यादीवरून मिळतो.

पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. लोक जिल्हा बँकेचे पासबुक भरून घेत बसतात आणि रक्कम भलत्याच खात्यात पडून असते! अर्जाआधी तेवढे बँकेत विचारून घ्या.