नाणेघाटाच्या चढणीवर कॅमेऱ्याचे ओझे किती?

प्रश्न : श्रावणात कल्याण-मुरबाडमार्गे जाऊन वैशाखऱ्याहून नाणेघाट चढण्याचा मानस आहे. तिन्ही भिंगे, तिपाई व फ्लॅश न नेल्यास लेण्यातील छायाचित्रे निकृष्ट येतील काय? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : भिंगांच्या संख्येवर चित्राची प्रत ठरते हा समज निराधार आहे, उलट धुके व पावसाची भुरभुर चालू असता भिंग बदलण्याचा प्रसंगच न येऊ देणे, यातच पावसाळी प्रवासातले खरे शहाणपण आहे. दऱ्याडोंगरांसाठी १८–५५ मि.मी.चे भिंग कॅमेऱ्यावर चढवलेलेच असावे, आणि अंधाऱ्या लेण्यासाठी एफ १.८ चे ५० मि.मी. भिंग सोबतीस पुरे. सातवाहन राणी नागनिकेचा तेथील ब्राह्मी लेख आता झिजून उथळ झाला असल्यामुळे समोरून पडणाऱ्या फ्लॅशच्या झोतात अक्षरे विरून जातात. तेच साध्या विजेरीचा प्रकाश भिंतीलगत तिरपा सोडला, की रेघेरेघेत सावली भरून लेख उठून दिसतो. म्हणून फ्लॅश खुशाल घरी ठेवावा. संरक्षित स्मारकांत तिपाईस पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो, त्याची चौकशी आधीच करावी. जादा बॅटरी, दुसरे कार्ड, सिलिका जेलच्या पुड्या मात्र विसरू नयेत. लेण्याखालच्या दगडी पायऱ्या त्या दिवसांत शेवाळलेल्या असतात. तेथे कॅमेरा गळ्यात न ठेवता पाठीवरच्या पिशवीत घालून दोन्ही हात मोकळे ठेवावेत.