'स्त्री-पुरुष तुलना' : युक्तिवादाची घडण

ताराबाई शिंदे यांचा 'स्त्री-पुरुष तुलना' हा निबंध १८८२ साली पुण्यात छापला गेला. बुलढाण्यासारख्या वऱ्हाडातील लहान गावी वाढलेल्या या लेखिकेचे पुस्तक पुढे जवळजवळ विस्मृतीत गेले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. तेव्हापासून त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले असले, तरी त्याचे वर्णन बहुधा 'आक्रोश', 'संताप' अशा शब्दांनीच होते. संताप आहे, हे खरेच. परंतु तेवढ्यावर थांबल्यास लेखिकेने युक्तिवाद केला आहे, ही गोष्टच नजरेआड होते.

निबंधाचे निमित्त सर्वश्रुत आहे. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती सौम्य करण्यात आली. या प्रकरणावरून वृत्तपत्रांतून समग्र स्त्रीजातीच्या नीतिमत्तेवर झोड उठली. एका व्यक्तीच्या कृत्यावरून सर्व जातीविषयी सिद्धांत काढणे हा अनुमानातील उघड दोष होय. ताराबाईंनी तो नेमका हेरला.

त्यांची पद्धती मात्र केवळ दोषदर्शनाची नाही. स्त्रीला संशयांचा भोवरा, अविनयाचे घर, साहसांचे नगर ठरविणारा, भर्तृहरीच्या शृंगारशतकात आढळणारा श्लोक त्या पूर्वपक्ष म्हणून घेतात आणि त्यातील एकेक विशेषण उचलून ते पुरुषाला लावून पाहतात. शास्त्रचर्चेतील खंडनाची ही रीत आहे. फक्त ती बोलत्या, घरगुती मराठीत उतरली आहे. 'तुलना' हे शीर्षक येथे अर्थपूर्ण ठरते. तुलना करावयाची तर दोन्ही पारड्यांना एकच माप हवे, आणि प्रतिपक्षाने दोन मापे वापरली आहेत, हाच लेखिकेचा मुख्य मुद्दा आहे.

सावित्रीचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ते पातिव्रत्याच्या उपदेशासाठी नेहमी दिले जाते. ताराबाई ते नाकारीत नाहीत. पतीसाठी ती यमापर्यंत गेली, तर पत्नीसाठी असा कोणता पुरुष गेला, एवढेच त्या विचारतात. प्रतिपक्षाचे प्रमाण मान्य करून त्याच्यावरच उलटविणे यापेक्षा प्रभावी युक्ती क्वचितच सापडेल.

आक्षेप असा घेता येईल, की पुरुष दोषी आहे म्हणून स्त्री निर्दोष ठरत नाही. तर्कदृष्ट्या हे बरोबर आहे. काही ठिकाणी ताराबाई सर्व पुरुषांविषयी सरसकट विधाने करतात, आणि ज्या दोषासाठी त्यांनी प्रतिपक्षाला धरले तोच त्यांच्याही लेखनात शिरतो. पण निबंधातील अधिक मौलिक भाग कारणमीमांसेचा आहे. पुनर्विवाहाची बंदी विधवेला कोणत्या कोंडीत ढकलते आणि तिच्या 'पतना'त सहभागी असलेला पुरुष कसा मोकळा राहतो, हे दाखवून दोषाचे मूळ त्या स्वभावातून रूढीकडे नेतात. हे प्रतिपादन प्रत्यारोपावर अवलंबून नाही. प्रत्यारोप वगळला तरी ते उभे राहते. वर्गात हे दोन धागे वेगळे करून दाखविणे अगत्याचे वाटते.

भाषेच्या तिखटपणाचेही तसेच आहे. सभ्यतेचा संकेत पाळून लिहिले असते तर हे लेखन अधिक पटले असते काय? जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून ताराबाईंची बाजू घेतली, ती या तिखटपणासकट.