उष्णोदकाच्या तीर्थी जाणाऱ्यांस

डोंगरकड्याहून माहूरगडास रेणुकामातेच्या दर्शनाला निघालेली आमच्याकडची कुटुंबे वारंगा फाटा, हदगाव, हिमायतनगर अशी मजल मारीत किनवटच्या मुलखात शिरली, की पैनगंगेकाठच्या उनकेश्वरी गरम पाण्याच्या कुंडात स्नान केल्याखेरीज पुढे जात नाहीत, ही वहिवाट जुनी आहे. शरभंग ऋषींच्या व्याधिनिवारणार्थ प्रभू रामचंद्रांनी बाण मारून हे उष्णोदक प्रकट केले, अशी लोकश्रद्धा असून त्वचारोगाने गांजलेली माणसे येथे मोठ्या आशेने येतात. त्या श्रद्धेविषयी माझ्या मनात पूर्ण आदर आहे. तथापि आमच्या आत्याबाईंवर जो प्रसंग गुदरला, तो पाहिल्यावर चार शब्द सांगणे मी कर्तव्य समजतो.

आत्याबाईंना मधुमेहाचा जुना विकार. शेजारच्या बाया चटका बसताच पाय वर घेत होत्या, आणि या मात्र "मला तर कोमटच लागतंय गं" म्हणत, पायरीवर बसून, पाण्यात पाय सोडून कितीतरी वेळ नामस्मरण करीत राहिल्या. रात्री मुक्कामी पाय चेपताना सुनेच्या हाताला ओल लागली. दिवा जवळ आणून पाहते तो डाव्या टाचेवर रुपयाएवढा फोड येऊन फुटलेला, आणि आत्याबाईंना त्याची गंधवार्ताही नाही! ती जखम भरून यायला पुढे सारा पावसाळा गेला.

जुन्या मधुमेहात पायांचे ज्ञानतंतू क्षीण होतात आणि चटक्याची वर्दी मेंदूपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून अशा रुग्णाने स्वतःच्या पायावर विसंबू नये, निरोगी माणसाच्या कोपराने पाणी अजमावून घ्यावे. रक्तदाबाच्या व हृदयविकाराच्या रुग्णांनी वैद्याचा सल्ला घ्यावा, कारण उष्णतेने रक्तवाहिन्या प्रसरण पावून बाहेर येताना भोवळ येते. स्नान थोडक्यात आटोपावे, एकट्याने उतरू नये, अंगावर उघडी जखम असल्यास कुंड वर्ज्य करावे आणि नाकात पाणी जाईल अशी बुडी मारू नये. कोमट गोड्या पाण्यात क्वचित आढळणारा एक सूक्ष्म अमीबा नाकावाटे मेंदूत शिरून प्राणघातक ठरतो. ज्यांच्या अंगावर फिकट, बधिर चट्टा आहे, त्यांनी तीर्थस्नान खुशाल करावे, परंतु त्याआधी सरकारी दवाखाना गाठावा. तेथे कुष्ठरोगावरील बहुविध औषधोपचार मोफत मिळतो आणि 6 ते 12 महिन्यांत रोग बरा होतो.

उनकेश्वराखाली ज्वालामुखी धगधगत नाही. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरते, दर किलोमीटरला सुमारे 25 ते 30 अंश सेल्सिअसने वाढणाऱ्या भूगर्भाच्या उष्णतेने तापते, वाटेतील क्षार विरघळवून घेते आणि मार्ग सापडेल तेथे वर येते. प्रत्येक झऱ्याची उष्णता निराळी. कोकणात उन्हवऱ्यास पाणी उगमाशी सुमारे 70 अंश असते, तेव्हा एका ठिकाणचा अनुभव दुसरीकडे प्रमाण मानणे धोक्याचे आहे.

किनवटच्या परिसरात दख्खनच्या काळ्या पाषाणाचे आच्छादन सरत येऊन त्याखालचे अधिक पुरातन खडक उघडे पडतात, म्हणून जिज्ञासूंनी तेथील दगडही अवश्य न्याहाळावेत. चुनखडीयुक्त उष्णोदक उघड्यावर येताच त्यातील कर्बवायू निघून जातो आणि चुन्याचे थरावर थर साचतात. तुर्कस्तानातील पामुक्कलेच्या शुभ्र पायऱ्या अशाच घडल्या. 1988 साली जागतिक वारसा ठरलेल्या त्या स्थळी पादत्राणे घालून थरांवर चालण्यास मनाई आहे, आणि त्यांवर उभी राहिलेली हॉटेले पाडून टाकण्याची पाळी तेथील सरकारवर आली. असे थर ओले असता निसरडे, काठाशी पोकळ आणि सर्वत्र नाजूक असतात. त्यांचा टवका काढून घरी आणणे, उगमापाशी साबण लावणे, निर्माल्य झऱ्यात सोडणे, हे प्रकार सर्वस्वी निषिद्ध मानावेत.

वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे, की माहूरची वारी करताना उनकेश्वराला जरूर जावे. मात्र मधुमेही वडीलधाऱ्यांना कुंडाच्या पायरीवर एकटे सोडू नये आणि मुक्कामी पोहोचताच दिव्याच्या उजेडात त्यांचे तळपाय स्वतः तपासावेत.