ओलं वेगळं, सुकं वेगळं

परवा माझी नात काचेची एक बरणी घेऊन आली. इथे इंदुरातच विजयनगरला तिनं नुकताच संसार थाटलाय, त्यामुळे रोज काही ना काही नवं करून बघणं चालू असतं. म्हणाली, "आजी, हॉटेलात ब्रेडबरोबर बशीत ऑलिव्हचं तेल देतात ना, वर हिरवं काहीतरी भुरभुरलेलं? तसं केलं होतं. उरलं ते बरणीत भरून ठेवलंय ओट्यावर. आठवडा झाला. चालेल ना?"

मी बरणी उजेडात धरली. तळाशी सोललेल्या लसणाच्या पाकळ्या, वर बेसिलची ओली पानं. झाकण न उघडताच मी ती टाकायला लावली. पोरगी हिरमुसली. ते तेल किती महाग असतं हे मलाही ठाऊक आहे. म्हणून तिला बसवून जे सांगितलं, तेच इथे लिहिते.

पहिली गोष्ट, हा पदार्थ आपल्याला परका नाही. लसणाच्या नाहीतर जवसाच्या चटणीला बोटानं आळं करायचं, त्यात कच्चं तेल ओतायचं आणि भाकरीचा तुकडा बुडवायचा, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या करतोय. माळव्यात कणकेचे बाफले तुपात बुडवून खातात, त्यातलंही मर्म तेच. कोरड्या भाजलेल्या घासाला स्निग्धपणा हवा आणि त्या स्निग्धपणात तिखट-मीठ मुरलेलं हवं. तेलाचं नाव बदललं, एवढंच.

तेल आधी चाखून बघ

ज्या तेलाची फोडणी द्यायची, त्याची चव थोडी इकडेतिकडे झाली तरी खपून जाते. इथे तेल कच्चं खायचं आहे. म्हणून बाटलीवर 'एक्स्ट्रा व्हर्जिन' लिहिलेलं हवं; म्हणजे फळं नुसती दाबून काढलेलं. 'पोमेस' लिहिलेलं तेल उरलेल्या चोथ्यातून काढलेलं असतं, ते भाजीला घाल. गडद काचेची, लहान बाटली घे. मोठी स्वस्त पडते खरी, पण संपेपर्यंत तिचा वास उडतो.

चमचाभर तेल तोंडात घे. किंचित कडवट लागलं, घशात ठसका बसला, तर घाबरू नकोस. ताज्या तेलाची खूणच ती. पण जुन्या शेंगदाण्यासारखं, खोबऱ्याच्या शिळ्या वाटीसारखं खवट लागलं तर त्याचं काही करू नकोस. खवटपणा कुठल्याही मसाल्यानं झाकला जात नाही.

तेलाचे शत्रू तीन: उजेड, उष्णता आणि हवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बाटली गॅसशेजारी ठेवू नकोस, आतल्या कपाटात ठेव. थंडीत तेल गढूळ झालं, गोठल्यासारखं दिसलं, तर बिघडलं समजू नकोस. खोबरेल गोठतं तसंच ते. खोलीच्या उबेत आपोआप सुटतं.

ऑलिव्ह नसेल तर अडून बसू नकोस. लाकडी घाण्याचं शेंगदाण्याचं किंवा तिळाचं तेल वापर. माझ्या लहानपणी घरात हीच तेलं असायची. सोयाबीन माळव्यात पसरलं ते १९७०च्या दशकापासून. रिफाइंड सोयातेल तळायला ठीक, पण बुडवून खायला त्याला स्वतःची चवच नाही.

हिरवं काय, ते ओळखून घाल

परदेशी नावांना बिचकू नकोस. बेसिल म्हणजे आपला सब्जा. फालुद्यात भिजवलेलं काळं बी घालतो ना, ते याच झाडाचं. तुळस याच कुळातली, पण तिचा वास लवंगेकडे झुकतो आणि तेलात ती उग्र लागते. देवापुढची तुळस देवापुढेच राहू दे. थाइम मिळालं नाही तर चिमूटभर ओवा भरडून घाल. दोघांच्या वासाचं मूळ एकच, थायमॉल. आपल्या कुंडीतला जाड पानांचा, भजी करतो तो ओवा ओरेगॅनोच्या जवळ जातो, पण तो ओला असतो. तो त्याच वेळी चिरून त्याच वेळी संपवायचा.

प्रमाण

चार माणसांना आठ मोठे चमचे तेल पुरतं. त्यात पाऊण लहान चमचा सुकं ओरेगॅनो, अर्धा चमचा सुकं बेसिल, चिमूटभर भरडलेला ओवा, सात-आठ मिरे जाडसर कुटून, पाव चमचा लाल मिरचीचे तुकडे, लसणाच्या दोन पाकळ्या, एक चमचा लिंबाचा रस आणि पाव चमचा मीठ.

सुकी पानं तळहातावर चोळून घाल, वास मोकळा होतो. तेल किंचित कोमट कर, बोट सहज बुडवता येईल इतपत. ही फोडणी नव्हे. तडतडलं की पानं काळी पडतात, लसूण कडू होतो आणि महागाच्या तेलाचं साधं तेल होतं. कोमट तेल सुक्या मसाल्यावर ओतून अर्धा तास झाकून ठेव.

मीठ मात्र तेलात टाकू नकोस. मीठ तेलात विरघळत नाही, तळाशी बसतं. पहिला घास अळणी आणि शेवटचा खारट. ते लिंबाच्या रसात विरघळवून घे. लसूण सौम्य हवा असेल तर ठेचल्या ठेचल्या त्याच रसात टाक, आंबटपणानं त्याचा ठसका कमी होतो. झणझणीत हवा असेल तर ठेचून दहा मिनिटं तसाच राहू दे आणि मग लिंबात घाल. मंदसौर-नीमचकडचा लसूण आपल्याकडे येतो, त्याच्या दोन पाकळ्या पुष्कळ झाल्या. बसायच्या आधी हे लसूण-लिंबू तेलात घालून चमच्यानं फेट.

आणि इंदूरच्या माणसाचं मन पोह्यांवरच्या जिरावण मसाल्याशिवाय भरत नाही, हेही मला माहीत आहे. मग शेंगदाण्याच्या तेलात अर्धा चमचा जिरावण घाल, वर लिंबू पिळ. त्यात मीठ असतंच, वेगळं घालू नकोस. चातुर्मासात लसूण वर्ज्य असेल तर भाजून कुटलेले तीळ आणि ओवा घाल. कुणाला काही उणं वाटणार नाही.

बरणीचं काय चुकलं

आता मुद्द्याचं. तू म्हणालीस, लोणचं वर्षभर टिकतं, मग लसूण तेलात का नाही? अगं, लोणचं नुसत्या तेलानं टिकत नाही. त्यात कैरीचा, लिंबाचा आंबटपणा असतो आणि भरपूर मीठ असतं. तेल वर पांघरूण घालतं, राखण मीठ आणि आंबट करतं. तुझ्या बरणीत पांघरूण होतं, राखणदार नव्हता. चमचाभर लिंबू चवीपुरतं असतं, त्याला राखणदार समजू नकोस.

लसूण मातीत वाढतो. मातीत बोट्युलिझमचे जंतू बीजरूपात असतात. घरच्या उकळीनंही ती बीजं मरत नाहीत. एरवी ती आपल्याला त्रास देत नाहीत. पण हवा नाही, आंबट नाही, ओलावा आहे आणि ऊब आहे, अशी जागा मिळाली की ती वाढून विष तयार करतात. तेलात बुडालेली लसणाची पाकळी म्हणजे नेमकी तशी जागा. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये एका उपाहारगृहात, फ्रिजबाहेर ठेवलेल्या तेलातल्या चिरलेल्या लसणामुळे तीसहून अधिक माणसं आजारी पडली. अशा तेलाला वास येईलच, बुडबुडे दिसतीलच असं नाही. म्हणून मी झाकण उघडून हुंगत बसले नाही. दूध नासलं ते नाकाला कळतं, हे कळत नाही.

सकाळी कचऱ्याची गाडी आली की आपल्या इंदुरात शेंबडं पोरही ओला डबा कुठला आणि सुका कुठला ते सांगतं. २०१७ पासून शहर स्वच्छतेत देशात वर्षानुवर्षं पहिलं आलं, त्यात या दोन डब्यांचा वाटा मोठा. तोच नियम स्वयंपाकघरात आण. सुकी पानं, ओवा, मिरे, मिरची एकत्र करून घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत भर. हा मसाला महिना-दोन महिने सहज राहतो. लसूण, लिंबू, ओली पानं यांना त्या बरणीचा वाराही लागू देऊ नकोस. ती बसायच्या वेळी, खाण्यापुरती. लसूण घातलेलं तेल उरलंच तर ताबडतोब फ्रिजमध्ये ठेव आणि चार दिवसांत संपव. नाही संपलं तर टाक. सिंकमध्ये ओतू नकोस, नळीत तेल साचतं. जुन्या कागदात टिपून घे.

बशी ज्याची त्याची

खोल वाटीत मसाला तळाशी राहतो आणि घासाला नुसतं तेल लागतं. म्हणून उथळ बशी घे. पाव कालचा असला तर उत्तम, तव्यावर कडक कर. ताजा मऊ पाव तेल पिऊन लिबलिबीत होतो. उरलेल्या बाफल्याच्या चकत्या करून तव्यावर खरपूस भाजल्यास, तर ब्रेडची आठवणही येणार नाही.

आणि बशी प्रत्येकाला वेगळी दे. मधे एकच ठेवली की चावलेला तुकडा पुन्हा बुडवला जातो, मग ते तेल उष्टं झालं. आमच्या सासूबाई उष्ट्या-खरकट्याचा नियम फार कडक पाळायच्या, तेव्हा मला त्याचा कंटाळा यायचा. आता वाटतं, ओल्या हातानं बरणीला शिवू नये, उष्टं परत भांड्यात घालू नये, हे त्या सांगायच्या त्यात किती तथ्य होतं. जंतूंचं नावही त्यांना माहीत नव्हतं.

नातीनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग मी आता काय करू?" मी माझ्याकडची धुऊन उन्हात वाळवलेली रिकामी बरणी तिच्या हातात दिली. म्हटलं, हिच्यात सुका मसाला भर. लसूण ज्या दिवशी खायचा, त्या दिवशी सोल.