फिरता लोहार व त्याची विद्या

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या वर्धा जिल्ह्यात गावाच्या कडेला, झाडाच्या सावलीत घिसाड्याचे पाल पडलेले तुम्ही पाहिले असेल. हे फिरते लोहार आपले मूळ राजस्थान-गुजरातकडे सांगतात. राजस्थानातील गाडिया लोहार तर असे मानतात की, १५६८ साली चितोड पडले तेव्हा त्यांच्या पूर्वजांनी घर करून न राहण्याची शपथ घेतली.

घिसाड्याचे काम क्षणभर उभे राहून पाहा. पुरुष सांडशीने तापलेले लोखंड ऐरणीवर धरतो व लहान हातोड्याने जागा दाखवितो. त्याच जागी त्याची पत्नी जड घण घालते. विळा, कुऱ्हाड, वखराची पास ही अशीच घडतात. लाल तापलेली धार एकदम पाण्यात बुडविली की कठीण होते, परंतु ठिसूळही होते. म्हणून ती पुन्हा बेताने तापवितात; घासलेल्या धारेवर पिवळट रंग चढला की ठिसूळपणा उतरला असे समजावे. यासच ‘पाणी देणे’ म्हणतात. लोखंडात पुरेसा कर्ब नसेल तर हे पाणी चढतच नाही. रंगावरून एवढे ओळखणाऱ्यास अडाणी कसे म्हणावे?

ग्रामीण कारागिरी जगावी म्हणून १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे ठाणे आपल्या वर्ध्यासच, मगनवाडीत होते. तथापि आजही पाल हलले की त्यातील मुलांची शाळा सुटते.

पालकहो, विळा पाजवून घेताना घामाचे मोल पुरते द्या. आणि मुलांनो, भात्यापाशी तुमच्याच वयाचा मुलगा बसलेला दिसला, तर त्यास आपल्या शाळेची वाट दाखवा.